एक पान, अनेक रूपें

छापखान्यांतून बाहेर पडलेल्या पुस्तकाच्या हजार प्रती एकमेकींशीं ताडून पाहिल्या, तरी त्या सारख्याच आढळतात. इ. स. १८४२ सालीं अहमदनगर येथें निघूं लागलेल्या 'ज्ञानोदया'चा एखादा अंक घ्या. त्याच्या दहाव्या ओळींत जें अक्षर एका वाचकास दिसे, तेंच दुसऱ्यासहि दिसे. जुळाऱ्यानें खिळे जुळवून चौकटींत आवळले कीं, पानाची मांडणी कायमची ठरून जाई. इंटरनेटवरील पानाची गोष्ट मात्र अगदीं निराळी आहे. तें छापून तयार होऊन आपल्या घरीं येत नाहीं. येतो तो केवळ मजकूर, आणि तो कसा मांडावा याविषयींच्या सूचना. प्रत्यक्ष जुळणी वाचणाराच्या यंत्रांत होते, आणि ती करणारा जुळारी म्हणजे ब्राउझर होय. क्रोम, सफारी, फायरफॉक्स, एज हीं त्याचींच नांवें. एवंच, जितके वाचक तितके छापखाने, आणि प्रत्येक छापखान्याचा जुळारी थोडाफार वेगळा!

यांत बिघडतें काय, असें कोणी विचारील. समजा, एखाद्या शाळेनें शिष्यवृत्तीच्या अर्जाचें एक पान तयार केलें. कार्यालयांतील संगणकावर तें नीटनेटकें दिसतें. परंतु एका विद्यार्थिनीच्या वडिलांच्या जुन्या फोनवर त्या पानांतील चौकटी एकमेकींस चिकटतात. दुसऱ्या पालकाच्या फोनवर 'अर्ज पाठवा' हें बटण पडद्याच्या खालीं दडून बसतें. तिसऱ्याच्या फोनवर अक्षरांवरील वेलांट्यांचे शेंडे कापले जातात. पहिला दोष केवळ डोळ्यांस खुपणारा आहे. दुसरा तसा नाहीं. बटण सांपडलें नाहीं तर अर्ज जात नाहीं, आणि मुदत टळली तर शिष्यवृत्तीहि जाते. त्यांतहि दुःखाची गोष्ट अशी कीं, 'आपल्यालाच हें यंत्र वापरतां येत नाहीं' असें त्या पालकास वाटतें, व तो मुकाट्यानें मागें सरतो. चूक त्याची नसते. ती पान लिहिणाराच्या व ब्राउझराच्या मधल्या गैरसमजाची असते. हा गैरसमज कसा होतो व तो कसा शोधून काढावा, हें या पाठांत पाहूं.

१. जुळारी व त्याच्या हातांतील सूचना

पानाचा मजकूर 'एचटीएमएल' या खुणांच्या भाषेंत लिहिलेला असतो. हा मथळा, हा परिच्छेद, हें बटण, एवढेंच त्या खुणा सांगतात. मथळा केवढा असावा, परिच्छेदाभोंवतीं किती जागा सोडावी, बटणाचा रंग कोणता, हें सांगणारें पत्रक निराळें असतें. त्यास 'सीएसएस' म्हणतात. आपण त्यास शैलीपत्रक म्हणूं. त्यांतील प्रत्येक सूचनेचे दोन भाग असतात : गुणाचें नांव आणि त्याचें मूल्य. 'रुंदी तीनशें पिक्सेल' या सूचनेंत रुंदी हा गुण व तीनशें पिक्सेल हें मूल्य. पिक्सेल हें पडद्यावरील मोजमापाचें लहान परिमाण होय.

आतां दोन गोष्टी पक्क्या ध्यानांत धराव्या. पुढील सर्व विवेचन त्यांवर उभें आहे.

पहिली ही कीं, पान लिहिणारानें कांहींच सांगितलें नाहीं, तरी ब्राउझर हात बांधून बसत नाहीं. त्याच्यापाशीं स्वतःचें एक घरचें शैलीपत्रक असतें. मथळा ठळक व मोठा, दुव्याखालीं रेघ, पानाच्या कडांस आठ पिक्सेल समास, हें सर्व त्या घरच्या पत्रकांतलें. लेखकाची सूचना आली कीं ती घरच्या सूचनेवर मात करते. लेखक जेथें मौन धरतो, तेथें घरची सूचना चालते.

दुसरी ही कीं, न कळलेली सूचना वाट्यास आली असतां ब्राउझर तक्रार करीत नाहीं. तो ती सूचना गाळतो आणि पुढली वाचूं लागतो. हा नियम मुद्दाम केलेला आहे. त्यामुळें जुना ब्राउझर नवें पानहि उघडूं शकतो. त्यास जेवढें कळतें तेवढें तो करतो. हा मोठाच उपकार होय. परंतु त्याचमुळें दोष मुका राहतो. सूचना गाळली गेली हें वाचकास कळत नाहीं, व लेखकासहि कळत नाहीं.

२. भेदाचा थोडका इतिहास

टिम बर्नर्स-ली यांनीं इ. स. १९९० सालीं जिनिव्हा शहराजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेंत पहिला ब्राउझर तयार केला. त्याच संस्थेंत काम करणारे होकोन विउम ली यांनीं १९९४ च्या ऑक्टोबरांत शैलीपत्रकाची कल्पना मांडली. पुढें बर्ट बोस हे त्यांस येऊन मिळाले. डिसेंबर १९९६ मध्यें 'वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम' या संस्थेनें शैलीपत्रकाचा पहिला प्रमाणग्रंथ प्रसिद्ध केला. तोंवर नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट यांच्या ब्राउझरांत चुरस लागून राहिली होती. मायक्रोसॉफ्टच्या 'इंटरनेट एक्सप्लोरर'ची तिसरी आवृत्ति त्याच वर्षीं ऑगस्टांत, म्हणजे प्रमाणग्रंथ कायम होण्यापूर्वींच, शैलीपत्रकाचा कांहीं भाग समजूं लागली होती. नियम पुरते ठरण्याआधींच खेळ सुरू झाला, तर पंचांमध्यें तंटा होणारच.

त्या तंट्याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चौकटीच्या रुंदीचें आहे. चौकट म्हटली कीं तिच्या पोटांत मजकूर, मजकुराभोंवतीं 'पॅडिंग' नांवाची मोकळी जागा, आणि त्याभोंवतीं रेघ. आतां 'रुंदी तीनशें' म्हणजे कोणाची? प्रमाणग्रंथ म्हणतो, केवळ मजकुराची. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररची पांचवी आवृत्ति म्हणे, रेघेसकट सर्व चौकटीची. वरवर पाहतां हा शब्दांचा खेळ वाटतो; पण हिशेब करून पाहा.

सहाशें पिक्सेल रुंदीच्या जागेंत दोन चौकटी शेजारीशेजारी बसवावयाच्या आहेत. प्रत्येकीची रुंदी ३००, दोन्ही बाजूंस पॅडिंग २०, आणि दोन्ही बाजूंस रेघ १. इंटरनेट एक्सप्लोररच्या पांचव्या आवृत्तींत प्रत्येक चौकट ३०० च भरे. दोन मिळून ६००, आणि जागा नेमकी पुरे. प्रमाणग्रंथाप्रमाणें चालणाऱ्या ब्राउझरांत मात्र ३०० अधिक ४० अधिक २, म्हणजे ३४२. दोन मिळून ६८४. जागा अपुरी पडे, आणि दुसरी चौकट पहिलीच्या खालीं घसरे. लेखकानें एक अक्षरहि बदललें नाहीं, तरी मांडणी मोडली.

या तंट्याचा निवाडा मोठा मासलेवाईक झाला. जुनीं पानें मोडूं नयेत आणि नवीं पानें प्रमाणग्रंथाप्रमाणें वाचतां यावीं, म्हणून पानाच्या अगदीं पहिल्या ओळींत 'डॉकटाइप' नांवाची एक घोषणा असावी असें ठरलें. मॅकिंटॉश यंत्रांवरील इंटरनेट एक्सप्लोररच्या पांचव्या आवृत्तीनें २००० सालीं ही युक्ति आणली. विंडोजवर ती २००१ सालीं सहाव्या आवृत्तीबरोबर आली. आजहि ती घोषणा विसरलेलें पान सर्व ब्राउझर 'क्वर्क्स' नांवाच्या जुन्या वळणानें वाचतात. पुढें 'बॉक्स-सायझिंग' या गुणानें रुंदी कशी मोजावी हें ठरविण्याचा अधिकारच लेखकास मिळाला. 'बॉर्डर-बॉक्स' असें मूल्य दिलें कीं रेघेसकट मोजणी होते. गंमत अशी कीं, जी रीत एकेकाळीं चूक ठरली, तीच सोईची म्हणून आज बहुतेक लेखक स्वखुषीनें पत्करतात!

प्रमाणग्रंथाचें पालन व्हावें म्हणून 'वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट' हा संघ १९९८ पासून खटपट करूं लागला. त्यानें २००५ सालीं 'ॲसिड २' नांवाची एक परीक्षा ठेवली. ब्राउझर नियम नीट पाळीत असेल तर पडद्यावर हंसरा चेहरा उमटे. नसेल तर चेहरा वेडावांकडा होई. मुलांच्या चित्रकलेसारखी ही परीक्षा, पण तिनें मोठमोठ्या कंपन्यांस घाम फोडला. २०११ सालीं प्रमाणग्रंथाची २.१ ही आवृत्ति कायम झाली, व २०२२ च्या जूनमध्यें मायक्रोसॉफ्टनें इंटरनेट एक्सप्लोररच्या शेवटल्या आवृत्तीस विंडोज १० वरून निरोप दिला. त्याच वर्षापासून ब्राउझर करणाऱ्या प्रमुख कंपन्या 'इंटरऑप' या उपक्रमांत दरसाल एकत्र येऊन, कोणते भेद आधीं मिटवावे हें ठरवितात.

सारांश, आज भेद पूर्वीपेक्षां पुष्कळ कमी झाले आहेत. ब्राउझरांचीं नांवें अनेक असलीं तरी त्यांच्या पोटांतील मुख्य यंत्रें तीनच : क्रोम, एज, ऑपेरा यांचें 'ब्लिंक', सफारीचें 'वेबकिट', आणि फायरफॉक्सचें 'गेको'. मग अजूनहि घोटाळा कां होतो? त्याचीं कारणें चार आहेत.

३. भेदाचीं चार कारणें

पहिलें कारण, घरच्या पत्रकांतील फरक. बटण, निवडीची यादी, तारीख भरण्याची चौकट, हीं साधनें प्रत्येक ब्राउझर आपल्या वळणानें काढतो. बटणांतील अक्षरें पानाच्या अक्षरांसारखीं आपोआप होत नाहींत. तसें मुद्दाम सांगावें लागतें. हा दोष सर्वांत सोपा. जेथें आपणांस आग्रह आहे तेथें मौन धरूं नये, स्पष्ट सूचना द्यावी, म्हणजे तो मिटतो. याच हेतूनें एरिक मेयर यांनीं २००७ च्या सुमारास घरच्या सूचना पुसून टाकणारें एक लहानसें पत्रक सर्वांसाठीं खुलें केलें, आणि पुष्कळांनीं तें वापरलें.

दुसरें कारण, सूचना न कळणें. चौकटींमध्यें अंतर ठेवण्यास 'गॅप' हा गुण आहे. 'फ्लेक्स' नांवाच्या ओळीच्या मांडणींत तो फायरफॉक्सास २०१८ सालीं, क्रोमास २०२० सालीं, व सफारीस एप्रिल २०२१ मध्यें कळूं लागला. २०१४ सालीं निघालेला 'आयफोन ६' आपल्या कार्यप्रणालीच्या बाराव्या आवृत्तीपुढें जाऊं शकत नाहीं. आणि त्यावरील सफारी कार्यप्रणालीबरोबरच बदलतो, निराळा बदलतां येत नाहीं. सबब त्या फोनवर हा 'गॅप' मुकाट्यानें गाळला जातो आणि चौकटी चिकटतात. आपल्या पहिल्या पालकाच्या फोनवर हेंच घडलें.

तिसरें कारण, मोजण्याची रीत. पडद्याच्या उंचीचा शंभरावा भाग म्हणजे एक 'व्हीएच'. पानाची उंची शंभर व्हीएच ठेवली कीं पडदा बरोबर भरावा, अशी लेखकाची अपेक्षा. परंतु फोनवर पत्त्याची पट्टी कधीं दिसते, कधीं सरकून नाहींशी होते. पडद्याची उंची कोणती धरावी? फोनवरील सफारी व क्रोम ही मोजणी पट्टी नाहींशी झाली आहे असें समजून करतात. मग पट्टी दिसत असतांना पानाचा तळ तिच्या उंचीइतका पडद्याखालीं जातो. पान सरकूं नये अशीहि सूचना लेखकानें दिलेली असली, तर तळाशीं ठेवलेलें बटण हातीं लागणेंच कठीण. दुसऱ्या पालकाच्या अडचणीचें मूळ हें. कार्यालयांतील संगणकावर पट्टी हलत नाहीं, म्हणून तेथें दोष दिसत नाहीं.

चौथें कारण, टंक, म्हणजे अक्षरांचा सांचा. याचा जाच देवनागरीस विशेष होतो. पानाबरोबर टंक पाठविला नाहीं, तर जुळारी आपल्या पेटींतील खिळे वापरतो. ॲण्ड्रॉइड फोनांवर बहुधा 'नोटो', विंडोजवर 'निर्मला', आयफोनवर 'कोहिनूर' असे निरनिराळे देवनागरी टंक असतात, आणि प्रत्येकाची उंची व रुंदी वेगळी. रोमी अक्षरांस पुरणारी ओळीची उंची आपल्या अक्षरांस पुरत नाहीं. कारण आपल्याकडे शिरोरेघेच्या वर रफार, वेलांटी व मात्रा, आणि खालीं उकार व जोडाक्षरांचे पाय. ठराविक उंचीच्या चौकटींत 'बाहेर जाईल तें कापावें' अशी सूचना असली, तर एका टंकांत वेलांटी सुखरूप राहते व दुसऱ्यांत तिचा शेंडा उडतो. तिसऱ्या पालकानें पाहिलें तें हेंच. शिवाय अक्षरांमध्यें अंतर वाढविण्याची सूचना इंग्रजी मथळ्यास शोभते. मराठीस दिली कीं शिरोरेघ तुटून शब्दाचे तुकडे पडतात. पानाची भाषा मराठी आहे हेंहि पहिल्या खुणेंत सांगावें. कांहीं टंकांत मराठी वळणाचा 'ल' व 'श' आणि हिंदी वळणाचा 'ल' व 'श' असे दोन्ही असतात, आणि भाषा कळली तरच जुळारी योग्य तो खिळा उचलतो.

४. शोधाची रीत

दोष दिसतांच घाईनें चार सूचना बदलणें, ही नवशिक्याची संवय. त्यांतील एखादी लागू पडली तरी कोणती पडली हें कळत नाहीं, आणि उरलेल्या तीन नवा घोटाळा करून ठेवतात. वैद्य जसा आधीं नाडी पाहतो व मग मात्रा देतो, तसें येथेंहि करावें. क्रम पुढीलप्रमाणें ठेवावा.

प्रथम दोष नीट टिपून घ्यावा. कोणता फोन, कोणता ब्राउझर, त्याची कितवी आवृत्ति, पडदा उभा होता कीं आडवा, अक्षरें मोठीं करून पाहिलीं होतीं काय, हें विचारावें. 'पान बिघडलें आहे' एवढ्यानें कांहीं उमगत नाहीं. 'बटण दिसत नाहीं, पण फोन आडवा केला कीं पत्त्याची पट्टी लहान होते व बटणाची कड दिसते' एवढें कळलें कीं अर्धा शोध झाला.

दुसरें, लेखन शुद्ध आहे काय तें पाहावें. एखादा कंस मिटावयाचा राहिला किंवा अर्धविराम सुटला, तर पुढल्या सूचना गाळल्या जातात. डॉकटाइपची ओळ आहे काय, हेंहि याच वेळीं पाहावें. अनेक खुणांस स्वल्पविरामानें जोडून एकच सूचना दिली असतां, त्यांतील एक खूण जरी ब्राउझरास कळली नाहीं, तरी तो बहुधा सर्वच सूचना टाकून देतो. पंक्तींत एक पाहुणा अनोळखी निघाला म्हणून सारी पंगतच उठविण्यासारखें हें आहे. अशा वेळीं त्या खुणा निरनिराळ्या लिहाव्या.

तिसरें, ब्राउझराकडूनच साक्ष घ्यावी. संगणकावरील क्रोम, एज व फायरफॉक्स यांत 'एफ१२' ही कळ दाबली कीं तपासणीचें दालन उघडतें. तेथें कोणत्याहि चौकटीवर कोणकोणत्या सूचना लागू झाल्या हें दिसतें. जी सूचना दुसरीनें मारली किंवा जी कळलीच नाहीं, तिच्यावर काट मारलेली असते. न कळलेलीपुढें धोक्याची खूणहि असते. मुका दोष येथें बोलका होतो. मात्र एक सावधगिरी हवी. त्याच दालनांत पडदा फोनाएवढा लहान करून पाहण्याची सोय आहे. पण पडदा लहान झाल्यानें जुळारी बदलत नाहीं. क्रोमांत आयफोनाएवढा पडदा केला, तरी आंतलें यंत्र ब्लिंकच राहतें. म्हणून शेवटची परीक्षा खऱ्या फोनावरच घ्यावी.

चौथें, दोषाचें क्षेत्र लहान करीत जावें. शैलीपत्रकांत १२८ सूचना आहेत असें समजा. एकेक तपासूं गेलें तर दिवस मावळेल. त्याऐवजीं अर्ध्या काढून ठेवाव्या. दोष गेला तर तो काढलेल्या अर्ध्यांत आहे. राहिला तर उरलेल्या अर्ध्यांत. ६४, ३२, १६, ८, ४, २, १, याप्रमाणें दोष एकाच सूचनेंत असेल तर सात वेळांत तीपर्यंत आपण पोहोंचतों. गणिताच्या तासाला शिकलेलें दोनाच्या घातांचें कोष्टक असें उपयोगी पडतें. मात्र मूळ प्रत जपून ठेवून हा प्रयोग नकलेवर करावा.

पांचवें, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि प्रत्येक बदलानंतर तीनहि यंत्रांवर पान पाहावें. एका फोनावरील दोष काढतांना दुसऱ्यावर नवा दोष उत्पन्न होणें ही नित्याची गोष्ट आहे.

५. उपाय कसा करावा

उपायांत एक मोह टाळावयाचा असतो. 'सफारी असेल तर असें कर, फायरफॉक्स असेल तर तसें कर', असें नांवावरून ठरविणें सोपें वाटतें. परंतु नांवावर भरंवसा कसा ठेवावा? जुन्या चुरशीच्या काळीं पानें नांव विचारून वाचकांस परत पाठवीत. तेव्हांपासून बहुतेक सर्व ब्राउझर आपली ओळख सांगतांना आरंभीं 'मोझिला' असेंच म्हणत आले आहेत. शिवाय आजचा दोष उद्यांच्या आवृत्तींत नाहींसा होतो, आणि नांवावरून केलेली तजवीज तशीच मागें राहून नवा दोष बनते. म्हणून नांव विचारूं नये. 'तुला हें येतें काय?' असें विचारावें. शैलीपत्रकांत त्यासाठीं 'सपोर्ट्स' नांवाची अट आहे.

पुष्कळदां विचारावेंहि लागत नाहीं. न कळलेली सूचना गाळण्याचा नियमच उपयोगी पडतो. पडद्याची त्या क्षणींची खरी उंची धरणारें 'डीव्हीएच' हें नवें परिमाण २०२२ या एका वर्षांत तीनहि यंत्रांत आलें. तेव्हां आधीं 'उंची शंभर व्हीएच' असें लिहावें आणि त्याखालीं 'उंची शंभर डीव्हीएच' असें लिहावें. नवा ब्राउझर दोन्ही वाचतो व नंतरची पाळतो. जुना दुसरी गाळतो व पहिलीवर भागवितो. परंतु जुन्या फोनावर बटण तरीहि दडेल! म्हणून सर्वांत उत्तम उपाय याहून साधा आहे : पानास उंचीचें बंधन घालूंच नये, आणि तें सरकूं द्यावें. बटण मजकुराच्या शेवटीं आपल्या जागीं येतें, व कोणत्याहि फोनावर सांपडतें.

चिकटलेल्या चौकटींच्या बाबतींत 'सपोर्ट्स'ची अटहि फसवी ठरते. ज्या सफारीस ओळीच्या मांडणींतील 'गॅप' कळत नव्हता, त्यासच जाळीच्या मांडणींतील 'गॅप' कळत होता. 'गॅप येतो काय?' या प्रश्नास तो 'होय' म्हणे, आणि तें उत्तर खोटेंहि नव्हे! प्रश्न अपुरा असला कीं खरें उत्तरहि वाट चुकवितें. येथें प्रत्येक चौकटीस 'मार्जिन' नांवाची बाहेरील जागा देणें, हा जुना व सर्वांस कळणारा उपाय बरा. टंकाच्या बाबतींत पानाबरोबर आपला टंक पाठवावा, ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून कमी ठेवूं नये, आणि मराठी मजकूर ठराविक उंचीच्या चौकटींत कोंडूं नये.

६. सारखेपणा किती हवा

शेवटीं एक विचार. सर्व पडद्यांवर पान हुबेहूब सारखें दिसलेंच पाहिजे काय? नाहीं. वाडग्यांत ओतलेलें पाणी वाडग्याचा आकार घेतें, तांब्यांत ओतलेलें तांब्याचा. तहान दोन्हींनीं भागते. एका फोनावर बटणाच्या कडा गोल आणि दुसऱ्यावर चौकोनी झाल्या, म्हणून कोणाचें नुकसान होत नाहीं. नुकसान होतें तें मजकूर वाचतां न येण्यानें, बटण न सांपडण्यानें, रकाना न भरतां येण्यानें. रूपांतील भेद सोसावा. अर्थांतील व सोईंतील भेद सोसूं नये. हा विवेक ज्यास आला, त्याचा निम्मा शीण वांचतो, आणि उरलेलें बळ जेथें लागावें तेथें लागतें.

आपल्या शाळेंतील जे विद्यार्थी हल्लीं पानें तयार करण्यास शिकत आहेत, त्यांनीं एवढें व्रत पाळावें : पान पुरें झालें असें म्हणण्यापूर्वीं तें घरांतील सर्वांत जुन्या फोनावर उघडावें, आणि तो फोन वडीलधाऱ्यांच्या हातीं देऊन स्वतः बोटहि न लावतां पाहात बसावें. त्यांस बटण सांपडलें तर पान पुरें झालें. आणि पालकांनींहि ध्यानांत ठेवावें कीं, एखादें पान आपल्या फोनावर उमगलें नाहीं, तर संकोचानें मागें सरूं नये. कोणता फोन व काय दिसलें, हें दोन ओळींत कळवावें. ती तक्रार नव्हे. ती त्या पानाच्या लेखकास केलेली मदत होय.

अभ्यास

१. नऊशें पिक्सेल जागेंत तीन चौकटी बसवावयाच्या आहेत. प्रत्येकीची रुंदी ३००, प्रत्येक बाजूस पॅडिंग १५ व रेघ २. प्रमाणग्रंथाप्रमाणें एकंदर रुंदी किती होईल? जागेंत नेमक्या बसण्यास प्रत्येकीची रुंदी किती द्यावी? (उत्तर : १००२; २६६.)

२. १०२४ सूचनांच्या पत्रकांत एकाच सूचनेंत दोष आहे. अर्ध्या-अर्ध्या काढण्याच्या रीतीनें तो कितव्या वेळीं सांपडेल?

३. 'न कळलेली सूचना गाळावी' या नियमाचा एक लाभ व एक तोटा लिहा.

४. एकच मराठी पान घरांतील दोन निरनिराळ्या फोनांवर उघडा. दिसलेले भेद टिपून, प्रत्येक भेद वरील चार कारणांपैकीं कोणत्या कारणाचा, व तो केवळ रूपाचा कीं सोईचा, हें ठरवा.